दुसरा ॲल्युमिनियम

शैला,

तुझ्या खोक्यातला एक ॲल्युमिनियम सापडत नाही.

बाकी सारे जागच्या जागी आहे. प्रत्येक गटाचे वेगळे पाकीट, पाकिटावर तुझ्या घाईच्या अक्षरात गटाची जागा – ‘दाराकडचे’, ‘फळ्यापुढचे’, ‘पंख्याखालचे’ – आणि प्रत्येकाला गुंडाळलेला रबर. ‘खिडकीकडचे’ या पाकिटात मात्र दोनऐवजी एकच ॲल्युमिनियम आहे. मी कपाटाचा तळ पाहिला, टेबलाचे खण पाहिले, प्रयोगशाळेतल्या बाकांखाली वाकून पाहिले. वाकताना गुडघे कुरकुरले आणि ‘अगं, राहू दे, मुलं करतील काहीतरी,’ असे तू म्हणाली असतीस, हेही ऐकू आले. तुझे हे ‘मुलं करतील काहीतरी’ मला कधीच पटले नाही. शिक्षकाने आधी साहित्य पूर्ण ठेवावे आणि मग मुलांकडून अपेक्षा करावी, हा माझा क्रम.

शिक्षकखोलीतल्या वेळापत्रकावर अजून तुझे नाव आहे. नववी ब, विज्ञान, परब. पुसायला कुणी धजावलेले नाही आणि मीही हात लावलेला नाही. मुख्याध्यापिकांनी तुझा वर्ग माझ्याकडे सोपवला तेव्हा त्या म्हणाल्या, “गोखलेबाई, आयनिक संयुगांची सूत्रं अर्धवट राहिलीत. घटक चाचणी तोंडावर आली. तिरकस गुणाकार शिकवा आणि धडा संपवून टाका.” त्यांचे काही चुकले नाही. त्यांच्या जागी मीही हेच म्हटले असते. इतकी वर्षे तुला हेच तर म्हणत आले.

हा मजकूर शाळेच्या अंकात छापला जाईल. तो वाचणारे काही माझ्याकडे शिकले, काही तुझ्याकडे. म्हणून आपल्या दोन्ही पद्धती आधी मांडून ठेवते. मांडल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, हे तुला नव्याने सांगायला नको.

माझी पद्धत फळ्यावरची, तिरकस गुणाकाराची. धन मूलकाची संज्ञा डावीकडे लिहावी, ऋण मूलकाची उजवीकडे. प्रत्येकीखाली त्या मूलकाची संयुजा लिहावी. मग दोन तिरक्या बाणांनी या संयुजांची अदलाबदल करावी. ॲल्युमिनियमची संयुजा तीन, ऑक्सिजनची दोन. बाण फिरले की Al₂O₃ तयार. मूल अर्धवट झोपेत असले तरी चुकणार नाही, असे मी अभिमानाने सांगत असे.

तुझी पद्धत खोक्यातली. तुझा भाऊ दिनेश साकीनाक्याला पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात पुठ्ठा कापायच्या यंत्रावर आहे. उरलेल्या पुठ्ठ्यातून त्याने तुला हे तुकडे कापून दिले. धन आयनाच्या तुकड्याला खालच्या बाजूने दात, जितका प्रभार तितके. ऋण आयनाच्या तुकड्याला वरच्या बाजूने खाचा, त्याही प्रभाराइतक्या. सोडियमला एक दात, मॅग्नेशियमला दोन, ॲल्युमिनियमला तीन. क्लोराइडला एक खाच, ऑक्साइडला दोन. वर दातवाल्यांची ओळ, खाली खाचवाल्यांची, आणि तुझा एकुलता एक नियम: एकही दात मोकळा नको, एकही खाच रिकामी नको. ॲल्युमिनियम ऑक्साइडवर ठेवला की एक दात हवेत राहतो. मूल दुसरा ऑक्साइड आणते, तर आता एक खाच उरते. दुसरा ॲल्युमिनियम आणला की पुन्हा दात जास्त. तिसरा ऑक्साइड लागला की सारे गच्च बसते. वर दोन, खाली तीन. त्या क्षणी तुझ्या वर्गातून “बसलं!” असा ओरडा उठे, आणि भिंतीपलीकडे माझा खडू फळ्यावर थांबे.

सल्फेट आणि हायड्रॉक्साइड यांच्या तुकड्यांना तू चहूबाजूंनी लाल चिकटपट्टी लावली होतीस. आत कितीही अणू असोत, तुकडा एक. तो फोडायचा नाही. असे दोन तुकडे लागले की वहीत लाल पट्टीच्या जागी कंस काढायचा. माझ्या वर्गात दरवर्षी निम्मी मुले कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा कंस विसरतात. तुझ्या वर्गात कंस विसरलेले मूल मी पाहिलेले नाही. हे तुझ्यासमोर मान्य केले असते तर तू ते स्नेहसंमेलनाच्या ध्वनिवर्धकावरून जाहीर केले असतेस.

एका दुपारी माझ्या वर्गाच्या उत्तरपत्रिका तू सहज चाळत होतीस.

“Mg₂O₂,” तू मोठ्याने वाचलेस. “वा! हे कुठलं नवीन काढलंस गं, सर्क्युलर?”

वरून आलेले प्रत्येक परिपत्रक मी शिक्षकखोलीत पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचून दाखवत असे, म्हणून हे नाव.

“शेवटची पायरी विसरलीय ती,” मी म्हटले. “संक्षिप्त रूप द्यायचं राहिलं.”

“पायरी ठेवलीस म्हणून विसरली ना! माझ्या पोरांना विसरायला काही नाहीच. दोन दात, दोन खाचा, खेळ खलास.”

 याचे उत्तर पुढच्या चाचणीने दिले. तुझ्या वर्गाचा गठ्ठा तपासायला माझ्याकडे आला आणि त्यात एक विचित्र गोष्ट दिसली. एका मुलाचे NaCl, त्याच्या पुढच्याचे ClNa. एकीचे Al₂O₃, दुसरीचे O₃Al₂. प्रमाण सगळ्यांचे अचूक, क्रम निम्म्यांचा उलटा. मुले इतक्या शिस्तीने कशी चुकतात, हे मला कळेना. दुसऱ्या दिवशी तुझ्या वर्गावरून जाताना कळले. तू बाक समोरासमोर लावत होतीस आणि तुकडे मध्ये मांडत होतीस. अलीकडे बसलेल्यांना सोडियम वर दिसे. पलीकडे बसलेल्यांना क्लोरीन वर दिसे. ज्याला जे वर दिसले, ते त्याने आधी लिहिले.

मी हा शोध सांगितला तेव्हा तुला पोह्यांचा घास गिळता येईना इतके हसू आले.

“म्हणजे अर्धा वर्ग मी शीर्षासनात शिकवला की गं!”

“हसण्यासारखं काय आहे? प्रत्येक तुकड्यावर बाण काढ. वरची बाजू कळेल.”

“छ्या! बाण आला की मागोमाग तुझी तिरकस आलीच. ते काढतील त्यांचा मार्ग.”

हा वाद तिथेच राहिला. पुढच्या चाचण्यांत उलटी सूत्रे दिसेनाशी झाली, तेव्हा तू माझे ऐकून गुपचूप बाण काढले असशील, असे मी गृहीत धरले. विचारले नाही. जिंकलेला वाद उकरून काढू नये, एवढा समंजसपणा माझ्यात आहे.

दुसरा वाद मी हरले, आणि तेही तुला सांगितले नाही. तू कैरीच्या फोडी आणि कागदाच्या पुडीत खडे मीठ आणले होतेस. मी मिठाच्या ‘रेणुसूत्रा’विषयी काहीतरी बोलत होते.

“रेणुसूत्र नको म्हणूस. नुसतं सूत्र म्हण.”

“आपण शिकलो तेव्हा पुस्तकात रेणुसूत्रच होतं.”

तू चिडलीस की मालवणीत शिरायचीस. पुडीतला एक खडा उचलून तू माझ्या तळहातावर ठेवलास. “खंय आसा तुझो रेणू? माका दाखय!”

मग शांतपणे, विद्यार्थिनीला सांगावे तसे, तू मला सांगितलेस. या खड्यात एक सोडियम आणि एक क्लोरीन अशी जोडी कुठेही वेगळी काढता येत नाही. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन, प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम, आणि हे असेच खड्याच्या कडेपर्यंत. कुणाचा कोण, हा प्रश्नच लागू नाही. सूत्र फक्त प्रमाण सांगते, एकास एक.

“नववीच्या मुलांना एवढं कशाला?” मी विचारले.

“मग केव्हा? दहावीत तू त्यांना श्वास तरी घेऊ देतेस का?”

त्या संध्याकाळी मुलुंडहून आपण नेहमीच्या बसने निघालो. तू विक्रोळीला उतरायचीस, मी पुढे घाटकोपरला. महामार्गाच्या कडेला मिठागरांचे चौकोन दिसू लागले तशी तू मला कोपराने ढोसलेस. “बघ, एवढं मीठ. सूत्र तेवढंच!” मी खिडकीबाहेर पाहत राहिले. पण त्यानंतर वर्गात मी आयनिक संयुगाच्या बाबतीत ‘रेणुसूत्र’ हा शब्द कधीच वापरला नाही. मिठागरांवरून बस जाते तेव्हा मी अजूनही डावीकडची खिडकी पकडते. आता शेजारी बसणारी बाई भ्रमणध्वनीत गढलेली असते. तिला कोपराने ढोसता येत नाही.

आता घाटकोपरच्या रुग्णालयातली ती दुपार. तुझ्या प्रकृतीची चौकशी कशी करावी, याची वाक्ये मी येताना जुळवून आणली होती. तू ती बोलूच दिली नाहीस.

“नववी ब कुठवर आलीय, ठाऊक आहे ना? सल्फेट झालं. ॲल्युमिनियम ऑक्साइड राहिलंय. तो त्यांचा त्यांना सापडू दे.”

“चाचणी जवळ आलीय, शैला.”

“तिरकस शिकव की. मी कुठं नको म्हणते? पण नंतर. आधी हातानं बसू दे त्यांना. शिकवशील ना गं?”

मी म्हटले, “बघू.”

तू डोळे मिटून हसलीस. “काढ आता त्याचं सर्क्युलर.” मग परिचारिका आली, सलाईनची बाटली बदलली, आणि आपण तिथल्या उपाहारगृहातल्या पाणचट सांबाराविषयी बोललो. मी निघाले तेव्हा तुला झोप लागली होती. पुन्हा भेट झाली नाही.

‘बघू’ हे मी जन्मभर म्हणत आलेले उत्तर आहे. ते नकाराचे नव्हते, हे तुला कळले असेल असे मी धरून चालते. पण होकाराचेही नव्हते, आणि तू विचारलेस ते होकारासाठी. गेल्या आठवड्यात खडू घेऊन तुझ्या वर्गाच्या दारात उभी राहिले तेव्हा हा प्रश्न तसाच समोर होता. हातात माझे टाचण, त्यात पहिल्याच ओळीत दोन तिरके बाण.

मुलांनी मला विचारण्याआधीच बाक फिरवून समोरासमोर लावले होते. सानिका नावाची तुझी ती चुणचुणीत मुलगी पुढे आली. “बाई, पाकिटं वाटू?” मला ती ‘बाई’ म्हणते, तुला सारे ‘टीचर’ म्हणत. तेवढ्यात वर्गात कुजबुज झाली, “तिरकसवाल्या बाई आहेत, पाकिटं नाही द्यायच्या.” मुलांची कुजबुज आपल्याला वाटते त्यापेक्षा लांबवर पोचते.

मी चाचणीचा विचार केला, मुख्याध्यापिकांचा केला, राहिलेल्या तासिकांचाही केला. मग टाचण मिटून टेबलावर ठेवले आणि म्हटले, “वाट. आज ॲल्युमिनियम ऑक्साइड. फळ्यावर मी काही लिहिणार नाही.”

मी खिडकीकडच्या गटाजवळ गेले आणि बसायला जागा शोधू लागले, तशी सानिका म्हणाली, “बाई, तुम्ही त्या बाजूला. टीचर तिकडेच बसायच्या.”

ती पलीकडची बाजू होती, जिथून सारे उलटे दिसते. मी बसले. समोर सोडियम क्लोराइड मांडले होते, सरावाचे, आणि मला क्लोरीन वर दिसत होता. सानिकाने विचारले, “सांगा बाई, आधी काय लिहायचं?” मी उत्तर देण्यापूर्वीच सगळा गट एका सुरात म्हणाला, “दात कुणाचे?”

तुकड्यांवर बाण नव्हते, शैला. एकावरही नव्हता. तू स्वतः उलट्या बाजूला बसत होतीस आणि लिहिण्याआधी प्रत्येकाकडून हा प्रश्न वदवून घेत होतीस. दात ज्याचे, तो आधी. मग बाकाच्या कुठल्याही बाजूने पाहा. आपला तो वाद मी जिंकलाच नव्हता, हे मला तुझ्या जागेवर बसून कळले.

मग मी ॲल्युमिनियम ऑक्साइड करायला सांगितले. सगळे गट गुंतले. आणि सर्वांत आधी, माझ्या अपेक्षेपेक्षा फारच लवकर, खिडकीकडचे ओरडले, “बसलं!”

मी पाहिले. वरच्या ओळीत एक ॲल्युमिनियम. खालच्या ओळीत एक ऑक्साइड आणि त्याला खेटून एक क्लोराइड.

“मी ॲल्युमिनियम ऑक्साइड सांगितलं होतं.”

“पण बाई, आमच्या पाकिटात ॲल्युमिनियम एकच आहे,” सानिका म्हणाली. “मग ऑक्साइडनं दोन दात घेतले आणि एक राहिला, तो क्लोराइडला दिला. मोकळं काही नाही, रिकामं काही नाही.”

“चीटिंग आहे ही!” दाराकडच्या गटातून कुणीतरी ओरडले.

“तू गप रे! बसलंय ना? बाई, असं चालतं? तिघं? असं खरंच असतं का?”

माझ्या पद्धतीत दोनच संज्ञा आहेत आणि दोनच बाण. तिसऱ्याला तिथे उभे राहायला जागा नाही, म्हणून इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारलेला नव्हता. AlOCl. प्रभार शून्य होत होता, दोष काढावा असे काही दिसत नव्हते. पण कागदावर बेरीज जुळली म्हणजे निसर्गात तसे संयुग असतेच, असे नाही. आणि जे मला ठाऊक नाही ते मी वर्गात ठामपणे सांगत नाही.

“मला माहीत नाही,” मी म्हटले. “विचारून सांगते.”

हे माझे नेहमीचे वाक्य. असा प्रश्न आला की मी वर्ग तसाच ठेवून शेजारच्या दाराशी जात असे आणि म्हणत असे, “शैला, एक मिनिट.” त्या दिवशीही मी बाकावरून उठले आणि दाराकडे वळले. दोन पावले गेल्यावर लक्षात आले की शेजारचा वर्ग माझाच आहे आणि मी ज्या वर्गात उभी आहे तो तुझा. मुलांनाही ते कळले असावे. सानिकाने दाराकडे पाहिले, मग तुकड्यांकडे पाहिले आणि क्लोराइड उगाच बोटाने सरळ केला.  मी परत येऊन त्याच उलट्या जागेवर बसले.

शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेच्या कपाटातले तुझे महाविद्यालयातले जाडजूड असेंद्रिय रसायनशास्त्र काढले. बराच वेळ चाळले. ॲल्युमिनियमच्या प्रकरणात, खालच्या बारीक टाइपात एका ओळीत उल्लेख सापडला. असते, शैला. ॲल्युमिनियम ऑक्सिक्लोराइड. खिडकीकडच्यांनी मांडले होते अगदी तेच सूत्र.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात तेवढेच सांगितले, “असतं.” दाराकडच्यांचे चेहरे पाहायला तू हवी होतीस. मग खिडकीकडच्यांनी त्याच दाराकडच्यांचा ॲल्युमिनियम उसना घेतला आणि Al₂O₃ बसवून दाखवले. ते सर्व गटांचे झाल्यावर मी खडू उचलला. Ca आणि O लिहिले, खाली संयुजा लिहिल्या, तिरके बाण काढले आणि मुद्दाम Ca₂O₂ लिहून थांबले.

“बाई, हे दोनदा झालंय!” मागच्या बाकावरून आले. “एकच पुरे. दोन दात, दोन खाचा.”

शेवटची पायरी मला सांगावी लागली नाही. बाण त्यांना आवडले. जलद आहेत म्हणाली मुले. चाचणीत बहुतेक जण बाणच वापरतील. पण सूत्र लिहून झाले की वहीवर बोटाने दात मोजताना मी काहींना पाहिले आहे.

दिनेशला फोन केला. एक ॲल्युमिनियम कापून मिळेल का, असे विचारले.

“एकच?”

“एकच.”

“ताईनं पण एकच मागितला होता,” तो म्हणाला. “दवाखान्यात जायच्या आधी. मी म्हटलं, देतो सावकाश, घाई काय आहे.” मग म्हणाला, “त्याचा साचा ठेवलाय मी अजून. पन्नास कापून देऊ का बाई?”

मी एकच घेतला. आता तो माझ्यासमोर आहे. पुठ्ठा नवा, दात करकरीत. तुझ्या जुन्या तुकड्यांचे दात कितीतरी बोटांनी मऊ झालेले. म्हणजे पाकिटात तुकडा कमी आहे, हे तुला माहीत होते आणि तो भरून काढायचे तुझ्या मनात होते. साहित्य पूर्ण असावे, असे तुलाही वाटत होते तर. हे आधी कळते तर मी तुला किती छळले असते!

तू विचारले होतेस, शिकवशील ना गं? हो, शैला. आधी हाताने, मग बाणांनी. याही वर्षी आणि मी निवृत्त होईपर्यंत दर वर्षी.

नवा ॲल्युमिनियम मात्र माझ्या खणातच राहील. ‘खिडकीकडचे’ या पाकिटात मी तो घातलेला नाही, पुढच्या वर्षीही घालणार नाही. मुलं करतील काहीतरी.